रिकीदोझान : ठरलेली कुस्ती, न ठरलेला निकाल

टीव्ही रूममध्ये रेसलिंग लागलं की एक वाद ठरलेला, हे सगळं खरं की खोटं? माझ्या मते हा प्रश्नच फालतू आहे. निकाल आधी ठरत असेल, तर तो ठरवतं कोण आणि कुणाच्या जोरावर, हे खरं विचारायला हवं. या प्रश्नाचा पिच्छा पुरवताना माझी गाठ जपानच्या रिकीदोझानशी पडली. म्हटलं, हा गडी मित्रांना सांगायलाच हवा.

त्याचं खरं नाव किम सिन-राक. जन्म १९२४ चा, आजच्या उत्तर कोरियातल्या गावात. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. १९४० मध्ये तो सुमो शिकायला जपानला आला आणि वरून तिसऱ्या, सेकीवाके या हुद्द्यापर्यंत चढला. १९५० मध्ये त्यानं स्वतःच्याच हातानं डोक्यावरची केसांची गाठ कापली आणि सुमो सोडलं. काही दिवस बांधकाम कंपनीत नोकरी केली. १९५१ मध्ये टोकियोला आलेल्या अमेरिकन पैलवानांकडून रेसलिंगचे डाव घेतले, पुढच्या वर्षी हवाई आणि अमेरिकेत जाऊन धंदा पाहून आला, आणि १९५३ मध्ये स्वतःची कंपनी काढली.

त्याच वर्षी जपानमध्ये टीव्ही सुरू झाला. सेट घेणं साध्या नोकरदाराच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून एनटीव्ही या खासगी वाहिनीच्या मालकानं, मात्सुतारो शोरिकीनं, चौकाचौकांत आणि स्टेशनांबाहेर सेट लावले. फेब्रुवारी १९५४ मध्ये शार्प बंधूंविरुद्ध रिकीदोझान आणि मासाहिको किमुरा अशा जोडीच्या कुस्त्या झाल्या. टोकियोतल्या शिंबाशी स्टेशनसमोर एका पडद्यापुढे माणसांचा समुद्र उसळला. युद्ध हरून साडेआठ वर्षं झालेली, अमेरिकन फौजांचा अंमल संपून दोनही झाली नव्हती. धिप्पाड गोरे आपल्या माणसाच्या हाताच्या फटक्यानं आडवे होताना लोक पाहत होते. गंमत म्हणजे शार्प बंधू अमेरिकन नव्हते, कॅनडाचे होते. आणि ‘आपला माणूस’ जपानी नव्हता! लोकांना सांगितलं होतं, की हा नागासाकीकडचा, आडनाव मोमोता.

इथे मला खरी मेख दिसते. माल विकला जात होता तो जपानी नायकाचा. त्यामुळे खरा जन्म कळला तर दुकानच बंद. जपानमध्ये कोरियन माणसाला तेव्हा कशी वागणूक मिळे हे वाचलं, की ही लपवाछपवी नुसती चलाखी वाटत नाही. पण पुढचं प्रकरण मला पचत नाही.

किमुरा हा ज्युडोतला त्या काळचा वाघ. १९५१ मध्ये ब्राझीलला जाऊन त्यानं एलिओ ग्रेसीचा हात पिळून मोडला होता. आज यूएफसीत ‘किमुरा’ म्हणतात तो डाव याच्याच नावाचा. पण जोडीच्या कुस्तीत मार खायचा किमुरानं आणि टाळ्या घ्यायच्या रिकीदोझाननं. शेवटी वैतागून तो पेपरवाल्यांना म्हणाला, की खरी लढत असेल तर मी हरणार नाही. २२ डिसेंबर १९५४ ला दोघं समोरासमोर आले. किमुराच्या सांगण्यानुसार बरोबरी ठरली होती. पण मध्येच रिकीदोझाननं खरे फटके मारायला सुरुवात केली आणि सोळा मिनिटांच्या आत किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला. धंद्याच्या हिशेबानं बघा. देशात दोन नंबर एक परवडत नाहीत, म्हणून एक कमी केला. हिशेब चोख, पण शब्द मोडला तो मोडलाच.

त्यानंतर गाडी सुसाट. १९५५ मध्ये त्यानं किंग काँगला हरवलं, तोच आपल्याकडे दारा सिंगशी लढलेला. १९५७ मध्ये जगज्जेत्या लू थेझशी एक तासाची बरोबरी. शुक्रवारी रात्री आठला मित्सुबिशीच्या पैशांवर रेसलिंग लागायचं, आणि दोन कुस्त्यांच्या मध्ये रिंग झाडायला कंपनीचा व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचे. जाहिरातीची याहून भारी जागा मी तरी पाहिली नाही. १९६१ मध्ये त्यानं टोकियोच्या शिबुयात ‘रिकी पॅलेस’ ही इमारत उभी केली. शिवाय नाइट क्लब, घरबांधणी. २४ मे १९६३ ला डिस्ट्रॉयरबरोबरची लढत ६४ टक्के घरांत पाहिली गेली.

त्याच वर्षी जानेवारीत तो सोलला जाऊन आला होता, जपानमध्ये फारसा गाजावाजा न करता. ८ डिसेंबरला टोकियोच्या एका नाइट क्लबात यांच्या भांडणात एका याकुझा गुंडानं त्याच्या पोटात चाकू खुपसला. आठवड्यानं, १५ डिसेंबरला तो गेला. वय ३९.

कंपनी १९७३ पर्यंत कशीबशी चालली. त्याचे दोन चेले, जायंट बाबा आणि अँटोनियो इनोकी, १९७२ मध्येच आपापली दुकानं थाटून मोकळे झाले होते. इनोकी पुढे १९७६ मध्ये टोकियोत मुहम्मद अलीशी लढला, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स हे नाव रुळायच्या कितीतरी आधी. आणि एप्रिल १९९५ मध्ये त्यानं उत्तर कोरियात, प्याँगयांगच्या प्रचंड स्टेडियममध्ये रिंग लावली आणि रिक फ्लेअरशी कुस्ती खेळला. तोवर रिकीदोझान मूळचा कुठला, हे जपानमध्ये लपून राहिलं नव्हतं.