रक्त जिरत नाही, फिरतं! साध्या हिशेबाने वैद्यकशास्त्र बदलणारे विल्यम हार्वे

सरकारी दवाखान्यात सलाईन लावायचं असलं की नर्सबाई आधी दंडाला रबरी पट्टी बांधतात. लगेच हाताची शीर फुगून वर येते. हाताच्या शिरेत सोडलेलं औषध डोक्यापासून पायापर्यंत कसं पोहोचतं, हे आज कुणी विचारत नाही. रक्त अंगभर फिरतं, हे शाळेतलं पोरही सांगतं. पण चारशे वर्षांपूर्वी हीच गोष्ट मोठमोठ्या वैद्यांना मान्य नव्हती. ती सिद्ध करून दाखवली इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हार्वे यांनी. 1 एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस.

नऊ भावंडांत थोरले

हार्वे यांचा जन्म 1578 साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील फोकस्टन गावात झाला. नऊ भावंडांत ते सगळ्यात मोठे. कँटरबरीत शाळा आणि केंब्रिजला कॉलेज केल्यावर वैद्यकीचं शिक्षण घ्यायला ते इटलीतल्या पादुआला गेले. त्या काळी शरीरशास्त्र शिकायला युरोपातून मुलं तिथेच जायची. खास बांधलेल्या गोल सभागृहात मधोमध प्रेत ठेवून चिरफाड चाले आणि विद्यार्थी चारी बाजूंनी उभं राहून बघत.

तिथे त्यांचे गुरू होते फॅब्रिशियस. शिरांच्या आत छोट्या छोट्या झडपा असतात, हे या गुरूंनी विद्यार्थ्यांना दाखवलं होतं. पण त्या झडपा कशासाठी, याचा नीट उलगडा त्यांना झाला नव्हता. 1602 साली डॉक्टर होऊन हार्वे लंडनला परतले, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यासोबत आला.

जुनं मत काय होतं?

तेव्हा वैद्यकीत गेलन या ग्रीक वैद्याचा शब्द अखेरचा. गेलन होऊन चौदाशे वर्षं झाली होती, तरी त्याच्या पुस्तकाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती. त्याच्या मते खाल्लेल्या अन्नाचं यकृतात रक्त बनतं, ते शिरांमधून सगळ्या अवयवांकडे जातं आणि तिथेच संपतं. पाटाचं पाणी वाफ्यात सोडलं की जमिनीत जिरतं, तसंच. गेलेलं रक्त परत येत नाही, यकृत रोज नवं बनवतं. त्यातलं थोडं रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या बारीक छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपतं, असंही गेलनचं म्हणणं होतं. ही छिद्रं कुणाला दिसली नव्हती, तरी सगळे मान्य करत होते.

रक्त उजवीकडून डावीकडे पडद्यातून नव्हे, तर फुफ्फुसातून जातं, असं तेराव्या शतकात कैरोचे वैद्य इब्न अल नफीस यांनी लिहिलं होतं. पुढे युरोपातही काहींनी तेच सांगितलं. पण सगळ्या शरीराचा फेरा कुणी जुळवला नव्हता.

हिशेबाने केली कमाल

1609 पासून हार्वे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात डॉक्टर होते. रुग्ण बघून उरलेल्या वेळात ते प्राण्यांची हृदयं बघत. बेडूक, साप, मासे, गोगलगाय, कुत्री, डुकरं, काहीच सोडलं नाही. जिवंत प्राण्यांवरचे त्यांचे प्रयोग आजच्या नजरेला क्रूर वाटतील. पण त्यातूनच त्यांना दिसलं की हृदय आवळतं तेव्हा रक्त बाहेर फेकलं जातं आणि त्याच वेळी नाडी उडते.

मग त्यांनी साधा हिशेब मांडला. समजा एका ठोक्याला हृदयातून फक्त अर्धा औंस, म्हणजे चौदा-पंधरा ग्रॅम रक्त बाहेर पडतं. अर्ध्या तासात ठोके धरले फक्त एक हजार. दोन्ही आकडे त्यांनी मुद्दाम कमी धरले होते. तरी अर्ध्या तासात चौदा-पंधरा किलो रक्त झालं! माणसाच्या अंगात एवढं रक्तच नसतं. बैलाची मान कापली की पाव तासाच्या आत सगळं रक्त वाहून जातं, हे खाटकांना ठाऊक होतं आणि हार्वे यांनी तोही दाखला दिला. मग दर अर्ध्या तासाला एवढं नवं रक्त यकृत आणणार कुठून? तेवढं अन्न माणूस दिवसभरातही खात नाही. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतंय, दुसरा मार्गच नाही.

आजच्या मोजमापानुसार मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. हृदय एका मिनिटात जवळपास तेवढंच रक्त पुढे ढकलतं. चोवीस तासांत हा आकडा 7 हजार लिटरच्या वर जातो.

दंडाला बांधलेली पट्टी

दुसरा पुरावा हार्वे यांनी माणसाच्या हातावरच दाखवला. दंड अगदी घट्ट आवळला की मनगटाची नाडी बंद पडते आणि हात गार होतो. पट्टी थोडी सैल केली की नाडी परत येते, पण हात लाल होऊन शिरा फुगतात. कारण हृदयाकडून रक्त आणणाऱ्या धमन्या खोल असतात, त्या मोकळ्या होतात. परत नेणाऱ्या शिरा वरवर असतात, त्या दबलेल्याच राहतात. रक्त येतं, पण जाऊ शकत नाही.

फुगलेल्या शिरेतलं रक्त बोटाने दंडाकडे सरकवलं तर सरकतं. उलट पंजाकडे ढकलायला गेलं तर झडपेपाशी अडतं. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह पाणी वर येऊ देतो, खाली परत जाऊ देत नाही, तसंच हे काम. गुरूंनी दाखवलेल्या झडपांचा अर्थ शिष्याला लागला होता.

साप चावला किंवा पिसाळलेलं कुत्रं चावलं तर जखम एकाच जागी असून विष अंगभर कसं पसरतं, याचंही कारण हार्वे यांनी रक्ताच्या फेऱ्यातच शोधलं. घट्ट आवळण्याचा त्यांचा प्रयोग आजही लक्षात ठेवावा असा आहे. साप चावल्यावर दोरीने करकचून बांधलं तर रक्तच न मिळाल्याने हात-पाय निकामी होऊ शकतो. म्हणून आता डॉक्टर तसं बांधू नका, हालचाल न करता तातडीने दवाखाना गाठा, असं सांगतात.

पुस्तक आलं, रुग्ण घटले

नऊ वर्षांहून जास्त काळ सहकाऱ्यांना प्रयोग दाखवल्यावर 1628 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये त्यांचं लॅटिन पुस्तक छापलं गेलं. जेमतेम 72 पानांचं आणि छपाईच्या चुकांनी भरलेलं. पण गेलनला खोटं पाडणं म्हणजे सगळ्या वैद्यांच्या पोटापाण्यालाच हात घालणं होतं. कुठली शीर कापून किती रक्त काढायचं, हे सगळं जुन्या मतावर चालत होतं. हार्वे यांचं डोकं फिरलंय, असं लोक बोलू लागले आणि त्यांच्याकडे येणारे रुग्ण कमी झाले. पॅरिसचे नामांकित प्राध्यापक रिओलान विरोधात उभे राहिले. त्यांना हार्वे यांनी 1649 साली लेखी उत्तर दिलं. गंमत म्हणजे रुग्णाचं रक्त काढायची जुनी पद्धत हार्वे यांनी स्वतः कधी सोडली नाही.

ते राजा चार्ल्स यांचे डॉक्टर होते. 1642 साली राजा आणि संसद यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हा लंडनमधलं त्यांचं राहतं ठिकाण लुटलं गेलं. कीटकांवरच्या अभ्यासासह कित्येक वर्षांची टिपणं त्यात गेली.

राहिलेला दुवा आणि झाडांचं कोडं

धमन्यांतलं रक्त शिरांमध्ये नेमकं कुठून शिरतं, हे मात्र हार्वे यांना बघता आलं नाही. ती वाट डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी नाही. 3 जून 1657 रोजी त्यांचं निधन झालं. चारच वर्षांनी इटलीच्या माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुफ्फुसात केसाहून बारीक रक्तवाहिन्या बघितल्या. फेरा पूर्ण झाला.

मग प्रश्न आला, झाडातही रस असाच फिरतो का? त्याचं उत्तर इंग्लंडचेच स्टीफन हेल्स यांनी 1727 साली दिलं. द्राक्षवेल, सूर्यफूल यांवर मोजमाप करून त्यांनी दाखवलं की मुळांनी ओढलेलं पाणी वर चढतं आणि पानांतून हवेत निघून जातं. ते फिरून परत येत नाही. तेवढ्याच आकाराच्या माणसाच्या तुलनेत सूर्यफूल सतरा पट पाणी ओढतं आणि बाहेर टाकतं, असा त्यांचा हिशेब होता. पानांत तयार झालेलं अन्न सालीजवळच्या वेगळ्या नळ्यांतून मुळांकडे, फळांकडे जातं, पण पाण्याची वाट एकेरीच. पिकाला सारखं पाणी का लागतं, ते यावरून कळतं. याच हेल्स यांनी घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडून रक्ताचा दाबही मोजला. रक्त नळीत आठ फुटांहून वर चढलं होतं.

मागे काय ठेवलं?

हार्वे यांना मूलबाळ नव्हतं. आपली पुस्तकं आणि जमिनीचं उत्पन्न त्यांनी लंडनच्या वैद्यांच्या संस्थेला दिलं. पुस्तकं 1666 च्या मोठ्या आगीत जळाली. पण त्या देणगीतून दरवर्षी एक व्याख्यान व्हावं, ही त्यांची इच्छा आजही पाळली जाते. त्या व्याख्यानात डॉक्टरांना दोन गोष्टी सांगायच्या, असं त्यांनी ठरवून दिलं होतं: आपसात प्रेमाने राहा, आणि निसर्गाची गुपितं प्रयोग करूनच शोधा.