रुपयाचा विद्यार्थी

वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या खेड्यातून महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला नावे-जमा, ताळेबंद, मागणी-पुरवठा हे प्रारंभी परीक्षेपुरतेच शब्द वाटतात. या विषयाची खरी व्याप्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात दिसते.

१९१२ साली ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एम. ए. झाले. पुढे शिष्यवृत्तीची मुदत सरली व १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. त्यांनी हार मानली नाही. मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून पैसा साठविला आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्ये डी. एस्‌सी. मिळाली, १९२५ मध्ये त्यांनी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली.

भाव चढले आणि मजुरी मागे राहिली, तर झळ श्रमिकालाच लागते, हे त्यांच्या चलनविचाराचे मर्म होय. पाठ केलेल्या व्याख्येने मजुराच्या हातातील रुपया का घटतो हे उमगले, तरच ती व्याख्या शिकली असे म्हणावे.