माणसं मोजणाऱ्या इरावतीबाई

हल्ली आपल्या प्रत्येकीच्या मोबाइलवर चार-पाच ग्रुप तरी असतातच. माहेरचा एक, सासरचा एक, शाळेतल्या मैत्रिणींचा, बचत गटाचा, शिवाय मुलांच्या वर्गाचा. कोण कुणाशी जास्त बोलतं, कुणाचा निरोप कुठपर्यंत पोचतो, एकीने केलं की मागोमाग किती जणी तसंच करतात, या सगळ्याची आकडेमोड आता कॉम्प्युटर करतात. गर्दी कशी वागते, तिला वाट कशी काढून द्यायची, यावरही विद्यापीठांतून संशोधन चालतं. ऐकायला अगदी नवं वाटतं ना? पण मैत्रिणींनो, माणसामाणसांतले हे धागे मोजायचं काम आपल्या महाराष्ट्रातल्या एका बाईंनी फार पूर्वीच केलं. मोजमापाची साधनं, वही आणि पायपीट एवढ्याच भांडवलावर! त्या म्हणजे इरावती कर्वे.

आपल्यापैकी बऱ्याच जणींना त्या ‘युगान्त’मुळे ठाऊक असतात. १९६७ साली आलेल्या या पुस्तकाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण लिहिणं हा त्यांच्या आयुष्याचा एक भाग झाला. मला जास्त ओढ वाटते ती त्यांच्यातल्या संशोधक बाईची.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिथे इंजिनिअर होते. तिथल्या इरावती नदीवरूनच मुलीचं नाव ठेवलं. सात वर्षांची झाल्यावर तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. एवढीशी पोर, आईवडील समुद्रापलीकडे! तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि रँग्लर परांजप्यांचं घर हेच तिचं दुसरं घर झालं. पुस्तकांनी भरलेलं, मोकळ्या गप्पांचं घर. तिथेच प्रश्न विचारायची सवय लागली असावी.

१९२६ साली फर्ग्युसनमधून पदवी घेऊन त्या मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या. आपल्या महाडकर मैत्रिणींना या वर्षांची ओळख करून द्यायला नको. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आपल्या गावच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी कुणाचं, माणूस कुणाचा, जात म्हणजे नक्की काय, हे प्रश्न इथे तळ्याच्या काठावर उभे होते. त्याच सुमारास एकवीस वर्षांची ही मुलगी जातीचा अभ्यास करू लागली होती.

पुढे लग्न झालं ते महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १९२८ साली इरावतीबाई उच्च शिक्षणासाठी बर्लिनला निघाल्या, तेव्हा विरोध कुणी केला असेल? खुद्द सासऱ्यांनी! बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला घरच्या सुनेचं परदेशी जाणं मात्र पटेना. दिनकरराव ठाम राहिले. जीवराज मेहतांकडून कर्जाऊ पैसे घेतले आणि त्या गेल्या.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या वंशाचे लोक जन्मतःच श्रेष्ठ, अशा विचारांचा माणूस. त्यांच्या वंशविज्ञानाचा आधार पुढे नाझींनी घेतला. त्यांनी इरावतीबाईंना कवट्या मोजायला लावल्या. डावी-उजवी बाजू कमीजास्त असण्यावरून युरोपियन माणसाच्या डोक्याचं वेगळेपण सिद्ध होईल, अशी त्यांची अटकळ. बाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. मापं काही गुरूंच्या बाजूने बोलेनात. आता काय करायचं? परका देश, उसने पैसे, पदवी गुरूंच्या हातात. बाईंनी जे दिसलं तेच लिहिलं. वंशाचा आणि त्या कमीजास्तपणाचा संबंध लागत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. गुरूंनी गुण हात आखडूनच दिले, पण पदवी मिळाली. उत्तर आधी ठरवून मग आकडे गोळा करायचे नाहीत, हा धडा त्यांनी तिथे गिरवला, असं मला वाटतं.

परत आल्यावर काही वर्षं त्यांनी महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचं काम केलं. पण फायलींत जीव रमेना. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकवायला लागल्या आणि मग सुरू झाली ती भटकंती. आज कोकणात, उद्या खानदेशात, मग कर्नाटक, केरळ, ओरिसा, आसाम. एसटी, बैलगाडी, नाहीतर आपले दोन पाय. घरी तीन मुलं, पण दिनकररावांचा भक्कम आधार. बाई मंगळसूत्र-कुंकवाच्या बंधनात अडकल्या नाहीत, नवऱ्याला नावाने हाक मारत आणि पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालवत. त्या काळी लोक वळून वळून बघत असणार!

या भटकंतीत त्या माणसांची उंची, डोकं, नाक यांची मापं घेत. पुढे आकडेशास्त्र जाणणाऱ्या वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या अशा मापांचं पुस्तक १९५१ साली काढलं. माणसाचं शरीर मोजून जात समजून घ्यायच्या या पद्धतीवर आज अभ्यासक कडक टीका करतात आणि ती योग्यच आहे. त्या पद्धतीचं मूळ शेवटी वंशविज्ञानात होतं. पण तिथूनही बाईंनी काढलेला अर्थ वेगळा होता. एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एकाच मुळातून फुटलेल्या असतात, हे त्यांना पटेना. जात म्हणजे आपापसात लग्नं करत वाढलेला एक मोठा गोतावळा, असं त्यांनी मांडलं.

हळूहळू शरीराच्या मापांपेक्षा नात्यांचे धागे त्यांना महत्त्वाचे वाटू लागले. १९५३ सालचं त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं पुस्तक आजही अभ्यासाला असतं. त्यातली गंमत आपल्याला घरबसल्या कळेल. जुन्या घरांतून सून सासऱ्याला मामंजी म्हणायची आणि सासूला आत्याबाई. का बरं? तर मामाच्या मुलीशी लग्न करायच्या चालीची खूण या शब्दांत राहून गेली. मुलीला सासू ही आत्याच! उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावात द्यायची रीत, तर दक्षिणेत नात्यातल्याच घरात. आपला महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. नवी सून घरात परकी असते की ओळखीची, यावर तिचं अख्खं आयुष्य ठरतं, हे बाईंनी अशा साध्या शब्दांतून, ओव्या-गाण्यांतून शोधलं. दळता-कांडतानाची गाणीसुद्धा माहितीचा साठा असतो, हे बाईमाणसालाच सुचावं!

गर्दीचंही तसंच. त्या आळंदीहून पंढरपूरच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर चालल्या. एवढा मोठा जनसागर, तरी फारसा गोंधळ नाही. कारण तिथे सुटा माणूस जवळजवळ नसतोच. प्रत्येक जण आपल्या दिंडीचा. दिंडीचा क्रम ठरलेला, मुक्काम ठरलेला, स्वयंपाक कुणी करायचा तेही ठरलेलं. आपल्याकडून वारीला जाणाऱ्या बायांना विचारा, त्या हेच सांगतील. २०१५ च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात तरुणांनी रस्त्यावर चटया अंथरून, त्यावर पडणाऱ्या पावलांवरून गर्दी मोजायचा प्रयोग केला. चांगलंच आहे. पण शेजारी चालणारा आपला कोण, हे चटईला कळत नाही. इरावतीबाईंना ते कळत होतं. आणि वारीत जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांना ते खुपलं. मग त्या दोन्हीकडे जेवल्या, आणि लोक लगेच मोकळेपणाने बोलू लागले.

पुढे त्यांनी खेड्यातल्या गटांचे आपसातले संबंध, वाढतं फलटण शहर आणि त्याच्या आसपासची गावं, आठवड्याचे बाजार असे विषय हाती घेतले. कुठल्या गावची माणसं कुठल्या बाजाराला जातात, कुणाचं कुणावाचून अडतं, हे सगळं विचारून, मोजून, लिहून ठेवलं. आपलं पोलादपूर आणि महाड यांचंही नातं असंच विणलेलं आहे की नाही?

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते त्यांचं कोयनेचं काम. आपली सावित्री आणि ती कोयना, दोघी महाबळेश्वरच्या एकाच डोंगरातल्या बहिणी. एक आपल्याकडे उतरली, दुसरी पलीकडे. कोयनेवर धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. काही कुटुंबं रायगड जिल्ह्यातही वसवली गेली. साठी ओलांडलेल्या इरावतीबाईंनी लेक जाई निंबकर यांच्यासह या विस्थापितांची पाहणी केली. १९६९ साली ती प्रसिद्ध झाली. देशाला वीज किती मिळाली हे सगळे मोजत होते. वीज मिळताना कुणाचं काय गेलं, हे या मायलेकींनी मोजलं. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० ला, बाई गेल्या.

हे सगळं आज का आठवायचं? आपल्या डोंगराखाली राहणाऱ्यांना ते सांगायला नको. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळीये, आणि त्याच पावसात पोलादपुरातलं साखर सुतारवाडी, केवनाळे. एकट्या तळीयेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. तेव्हा महाडात पाणी शिरलेलं, वीज नाही, फोन मुके. मोबाइलवरचे सगळे ग्रुप गप्प झाले होते. त्या संध्याकाळी कुणाच्या घरात कोण होतं, मुंबईहून कोण आलं होतं, हे कुठल्या कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं शेजाऱ्यांना आणि भावकीला.

म्हणून नव्या वसाहतीचा आराखडा होतो तेव्हा चौरस फूट मोजून भागत नाही. कुणाची म्हातारी कुणाच्या भरवशावर राहते, कुणाचं पोर कुणाच्या ओसरीवर वाढतं, कुठल्या दोन बायका वर्षानुवर्षं पाण्याला बरोबर जातात, हेही मोजावं लागतं. ती घरं लांब टाकली तर भिंती उभ्या राहतात, पण वाडी उभी राहत नाही.

आणि मैत्रिणींनो, ही माहिती असते कुणाकडे? आपल्याचकडे. सर्वेक्षणाचा कागद घेऊन कुणी दारात आलं, की घरात माणसं किती, एवढंच सांगून आपण दार लोटतो. यापुढे त्याला घडीभर बसवा. अडीअडचणीला आपण कुणाला हाक मारतो, तेही सांगा. कागदावर रकाना नसेल, तर ग्रामसभेत उठून बोला. माणसांचा हिशेब असाही ठेवता येतो, हे एका बाईंनी आपल्याला केव्हाच दाखवून दिलंय.