साहेबाच्या बॉलरला ११ सिक्सर मारणारे सी. के. नायडू

अकोट : टेनिस बॉलवर सिक्सर मारणाऱ्या पोरांना सी. के. नायडू ठाऊक असावेत. गडी आपल्या विदर्भातलाच. जन्म नागपूरचा, १८९५ चा. बॉल टप्प्यात आला की पुढं सरसावून उचलून मारायचा, ही त्यांची रीत. १९२६ ला मुंबईत एमसीसीविरुद्ध हिंदू संघाकडून १५३ धावा काढल्या, त्यात ११ सिक्सर. तेही साहेबाच्या राज्यात, साहेबाच्याच बॉलरला! १९३२ ला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान तेच. फिल्डिंग करताना हाताला मार लागला, तरी पहिल्या डावात संघातल्या सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. साठी उलटल्यावरही ते रणजी खेळले, अन् अर्धशतक काढलं. १९६७ ला इंदुरात त्यांचं निधन झालं.