स्वामी रामानंद तीर्थ आणि आमच्या शाळा

दरसाल 17 सप्टेंबरचा दिवस उजाडला म्हणजे जालना शहरात आणि जिल्ह्यातील गावोगावी झेंडावंदन होते, शाळांतील मुले ओळीने उभी राहतात, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या तसबिरीस हार घातला जातो. दुसरे दिवशी तो हार सुकण्यापूर्वीच त्या पुरुषाचे आम्हांस विस्मरण पडते. निजामाच्या सत्तेतून हा मुलूख 1948 साली मोकळा झाला आणि त्या लढ्याचे सेनापतित्व स्वामींकडे होते, एवढे पोरासोरांसही ठाऊक असते. परंतु हा सेनापती मूळचा शाळामास्तर होता, आणि मुलाने कोणत्या भाषेत शिकावे व देश म्हणजे काय समजावे, हा प्रश्न त्यांनी रणांगणात उतरण्यापूर्वी कितीतरी वर्षे फळ्यासमोर उभे राहून सोडविण्याचा यत्न केला होता, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. आज महाराष्ट्रात शाळेतील भाषेवरून पुन्हा वाद माजला आहे. अशा समयी या चरित्राकडे याच एका अंगाने पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे, म्हणजे कानडी मुलखात झाला. शिक्षणासाठी ते सोलापुरास आले. 1920 साली लोकमान्य टिळक निवर्तले, त्या दिवशी या सोळा वर्षांच्या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. आणि असहकाराची हाक येताच सरकारी शाळेस रामराम ठोकला. पुढील अभ्यास अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुण्याच्या टिळक विद्यापीठात झाला. काही काळ मजुरांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करून गिरणी कामगारांचे जिणेही त्यांनी जवळून पाहिले. इतकी तयारी झालेल्या तरुणास मुंबई-पुण्याकडे मानाचे स्थान सहज मिळाले असते. त्याऐवजी 1929 साली ते निजामाच्या राज्यातील हिप्परगे या आडगावी, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, मास्तर होऊन गेले.

ते का गेले हे कळण्यासाठी त्या राज्यातील शिक्षणाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. हैदराबाद संस्थानातील निम्म्याच्या जवळपास प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे चतुर्थांश मराठी बोलणारी, दशांशाहून किंचित अधिक कानडी बोलणारी, आणि उर्दू ही घरची भाषा असलेले लोक दशांशाच्या आसपास होते. तथापि कचेरी, न्यायालय आणि वरच्या वर्गांचे शिक्षण या सर्वांची भाषा उर्दू. जालन्याच्या बाजारपेठेतील दुकानदार शेतकऱ्याशी मराठीत बोले, आपली वही आपल्या परंपरेच्या लिपीत लिही, आणि कचेरीतून समन्स आले म्हणजे ते वाचून घेण्यासाठी अर्जनविसाकडे धाव घेई. ज्या राज्यात स्वतःवर काय आरोप आहे हे समजण्यासही दुसऱ्याची मनधरणी करावी लागते, तेथे प्रजा नांदते खरी, पण राज्य आपले आहे असे तिला कधी वाटत नाही.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकापासून गणितापर्यंतचे उच्च ज्ञान इंग्रजीतून न देता उर्दूतून देण्याचा उपक्रम केला. एका देशी भाषेस एवढा मान देण्याचे धाडस त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातील कोणत्याही मोठ्या विद्यापीठाने केले नव्हते. परकी भाषेच्या ओझ्याखाली मुलाची बुद्धी दबते, हे तत्त्व निजाम सरकारास पूर्णपणे पटले होते. दोष इतकाच की, जे तत्त्व इंग्रजीविरुद्ध त्यांनी मान्य केले, ते आपल्याच तेलुगू, मराठी व कानडी प्रजेच्या बाबतीत त्यांनी मान्य केले नाही. प्राथमिक वर्गांत कोठे कोठे मराठीस थारा मिळे. पण मूल पुढे सरकले की दार बंद. त्यातच खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी पाहिजे, आणि सभा भरवावयाची तर गश्ती निशाण त्रेपन्न आडवे येणार, असा तो सगळा बंदोबस्त होता.

हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा या बंदोबस्तातील एक फट होती. 1921 साली निघालेल्या त्या शाळेत मुलांस मराठीतून शिकवीत. स्वामी तेथे मुख्याध्यापक झाले, मुलांबरोबर राहिले, आणि वयाची तिशी गाठण्यापूर्वीच त्यांनी संन्यास घेतला. भगवी वस्त्रे चढविल्यावर मनुष्य सहसा मठाकडे वळतो; हा संन्यासी पुन्हा वर्गात गेला. पुढे मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबेजोगाईस, योगेश्वरी विद्यालयात त्यांनी तेच काम चालविले. कानडी मुलखात जन्मलेला हा पुरुष उर्दू सरकारच्या राज्यात मराठी मुलांस त्यांच्या भाषेतून शिकवीत होता, यातील मर्म विसरता कामा नये. मराठी ही आपली म्हणून नव्हे, तर ती त्या मुलांची म्हणून त्यांनी तिचा कैवार घेतला.

1937 साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते परतूर येथे. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडे. 1981 साली जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा ते आमच्याकडे आले. गोविंदराव नानल अध्यक्ष होते. मराठवाड्यातील मराठी माणसाने एकत्र बसून आपल्या गाऱ्हाण्यांचा उघड विचार करण्याचा पायंडा पडला तो या आमच्या भूमीवर. 1938 साली लातुरास दुसरे अधिवेशन झाले, आणि त्याच वर्षी स्वामी शाळेचा उंबरठा ओलांडून पूर्णपणे चळवळीत आले. स्टेट काँग्रेसवर जन्मापूर्वीच बंदी पडली होती. ती मोडून ऑक्टोबर 1938 मध्ये स्वामींनी सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले.

ते तुरुंगात असतानाच शाळा-कॉलेजांतील प्रश्न पेटला. औरंगाबादच्या कॉलेजातील आणि हैदराबादेतील उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली, विद्यार्थी ऐकेनात, आणि शेकडो मुलांची नावे पटावरून कमी करण्यात आली. नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी अनेकांस आपल्याकडे घेतले नसते तर एक संपूर्ण पिढी शिक्षणास मुकली असती. पुढे 1991 साली भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. हेही सांगितले पाहिजे की, त्या गीताच्या काही कडव्यांविषयी अनेक मुसलमानांची हरकत होती, आणि ती ध्यानी घेऊन काँग्रेसने 1937 सालीच पहिली दोन कडवी तेवढी म्हणावीत असे ठरविले होते. म्हणजे एकमेकांस सांभाळून घेण्याची वाट उपलब्ध होती. निजाम सरकारने ती न धरता दंडुक्याची वाट धरली. परिणाम असा झाला की, जे गाणे मूठभर मुले वसतिगृहात म्हणत होती ते मराठवाडाभर पसरले. शाळेत सक्तीने काही बंद केले म्हणजे ते घरोघर चालू होते, आणि सक्तीने काही चालू केले म्हणजे ते मनोमन बंद पडते. राज्यकर्त्यांस हा धडा आजवर कोणी पाठ करविला नाही हे दुर्दैव होय.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. 1946 साली स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली आणि स्वामी तिचे अध्यक्ष झाले. 15 ऑगस्ट 1947 च्या पहाटे हैदराबादेत तिरंगा फडकविल्याबद्दल त्यांस पकडण्यात आले. रझाकारांचा कहर चालू असताना बराच काळ ते कारावासात होते, आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली तेव्हा त्यांची सुटका झाली. पण या लढ्यात उर्दू एका बाजूस आणि देशभक्ती दुसऱ्या बाजूस होती, असे कोणी समजू नये. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिल्याबद्दल ज्यांची हैदराबादेत हत्या झाली, ते शोएबुल्ला खान इमरोज या उर्दू दैनिकाचे संपादक होते. त्यांनी देशासाठी प्राण दिला तो उर्दूत लिहून. भाषा कधी देशद्रोही नसते. तिचा सोटा करणारे हात दोषी असतात.

स्वातंत्र्यानंतर स्वामींनी मंत्रिपदाची हाव धरली नाही. ते पुन्हा शिक्षणाकडे वळले. 1950 साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले ते त्यांच्याच प्रेरणेने. 1952 साली गुलबर्ग्याच्या कानडी मतदारांनी आणि 1957 साली औरंगाबादच्या मराठी मतदारांनी त्यांस लोकसभेवर पाठविले. हैदराबाद राज्य एकसंध राहावे असे मोठमोठ्यांचे मत असता, ते भाषावार विभागून प्रत्येक प्रजेचा कारभार तिच्या भाषेत चालावा हा आग्रह स्वामींनी धरला, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी तसे झाले. ज्या राज्याचे नेतृत्व हाती आले ते राज्यच लोकहितासाठी मोडावे असे सांगणारा पुढारी विरळा. 22 जानेवारी 1972 रोजी हैदराबादेत त्यांचा अंत झाला.

आता या चरित्राच्या आरशात आम्ही आपले तोंड पाहावे. 1956 सालीच राज्यघटनेत असे कलम घालण्यात आले की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी. भाषावार राज्य म्हणजे एका भाषेची जहागीर नव्हे, याची ती ग्वाही होती. 2020 साली महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली, ते योग्यच झाले. कारण या भूमीत राहणाऱ्यास येथील लोकांची भाषा न येणे हे त्याचेच नुकसान आहे. 2025 साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा हुकूम निघाला, लोकांनी विरोध केला, आणि जूनअखेर तो मागे घेण्यात आला. त्या वेळी आमच्या मराठी बांधवांनी जो युक्तिवाद केला तो अगदी बिनतोड होता: कोवळ्या मुलावर वरून भाषा लादू नये. हाच युक्तिवाद स्वामींचा. प्रश्न इतकाच की, तो आम्ही स्वतःच्या मुलांपुरताच लागू करणार काय?

परतूर-मंठ्याकडील तांड्यावरून लमाणांचे मूल शाळेत येते. त्याच्या घरात गोरमाटी बोलतात. मराठी पुस्तकातील शब्द त्याला कळत नाहीत, आणि गुरुजी त्याला मंद ठरवितात. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेल्या मजुराच्या मुलीची गत हीच. निजामाच्या शाळेत मराठी मुलाची जी कुचंबणा होई, तीच ही नव्हे काय? दुसरीकडे, उर्दू शाळांतील मुलांस चांगला मराठी शिक्षक न मिळाल्यास ती पुढे कचेरीत व बाजारात मागे पडतात, आणि मग त्यांच्या मराठीस हसणारे आम्हीच असतो. तांड्याची बोली जाणणारे शिक्षक पहिल्या वर्गांस नेमणे आणि उर्दू शाळांस उत्तम मराठी शिक्षक देणे ही कामे खर्चाची खरी, पण अशक्य कोटीतील नव्हेत. ती अंगावर घेणे हे जिल्हा परिषदेचे कर्तव्य आहे, आणि ती करवून घेणे हे आमचे.

आणि शेवटी दोन शब्द आमच्या शहरातील सुखवस्तू वाचकांस, विशेषतः व्यापारी मंडळींस. 17 सप्टेंबरास मराठीचा जयजयकार करून 18 तारखेस आपले मूल इंग्रजी शाळेच्या गाडीत बसविणारे आम्हांत थोडे नाहीत. इंग्रजी शिकावी, ती शिकल्याने कोणी बाटत नाही. पण जी भाषा आम्ही पोटच्या मुलासाठी नाकारतो, तिची सक्ती शेजाऱ्याच्या मुलावर करण्याचा अधिकार आम्हांस कोठून येणार? मराठी शाळेच्या गळक्या छपराकडे पाठ फिरवून मराठीचा अभिमान मिरविणे हा हिशेब कोणत्याही खतावणीत जुळणार नाही. सरकारी शाळेत सावकाराचे, हमालाचे, मराठ्याचे, मुसलमानाचे आणि लमाणाचे मूल एका बाकावर बसू लागेल, तेव्हा त्या बाकावर राष्ट्र निर्माण होईल. एका संन्याशाने हिप्परग्याच्या शाळेत हेच काम आरंभिले होते. ते पुढे चालविण्याची आमची तयारी नसेल, तर येत्या सप्टेंबरात हाराचा खर्च वाचवून त्या पैशाची एखाद्या शाळेस पुस्तके द्यावी. स्वामींस ते अधिक रुचले असते.