हिशेब विचारणारे शास्त्री

तामिळनाडूत कावेरीच्या काठी कुंभकोणम हे जुने गाव आहे. दर बारा वर्षांनी तेथे महामहम तलावावर मोठी यात्रा भरते. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापन केले आणि भोसल्यांचे ते घराणे १८५५ पर्यंत तेथे नांदले. पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून गाजलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमच्याच एका मराठी कुटुंबात झाला. पण या लेखाचे नायक मराठी नव्हते. ते तमिळ होते आणि त्यांचे गुरू मात्र पुण्याचे होते. त्यांचे नाव व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री.

शास्त्रींचा जन्म २२ सप्टेंबर १८६९ रोजी कुंभकोणमजवळच्या वलंगैमान या गावी झाला. वडील भिक्षुकी करीत. घरात विद्या होती, पैसा नव्हता. मुलगा कुंभकोणमच्या नेटिव्ह हायस्कूलमध्ये शिकला आणि नंतर कावेरीकाठच्या सरकारी कॉलेजातून पदवीधर झाला. इंग्रजी आणि संस्कृत हे त्याचे आवडते विषय. पुढे ते शिक्षक झाले. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९०४ साली त्या भागात सहकारी भांडार सुरू झाले. त्यातही त्यांचा पुढाकार होता. अर्धी आयुष्यरेषा अशी शाळेतच गेली.

याच काळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर भाषणे करीत होते. पहिले भाषण २६ मार्च १९०२ रोजी झाले. सरकारने तिजोरीत शिल्लक पडल्याचे अभिमानाने सांगितले होते. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवले की ही शिल्लक सुबत्तेची खूण नाही. लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो, म्हणून ती उरते. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. दुसरीकडे सैन्याचा खर्च वाढतच होता, आणि हिंदुस्थानच्या सीमेबाहेर साम्राज्यासाठी केलेल्या मोहिमांचा भारही येथल्या रयतेवर पडत होता. शाळांना मात्र पैसा मिळत नव्हता.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. त्या कौन्सिलात गोखल्यांना बोलता येत होते, पण अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हते. सरकारने ऐकले तर ऐकले. तरीही पुढच्या काही वर्षांत मिठावरचा कर तीन वेळा उतरला. १९०३ मध्ये तो दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणता येणार नाही. पण नुसत्या अभ्यासानेही सरकारला उत्तर द्यायला लावता येते, हे देशाने पाहिले.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. शास्त्रींनी या संस्थेविषयी वाचले आणि ते गोखल्यांना भेटले. १९०७ च्या जानेवारीत मुख्याध्यापकाची नोकरी सोडून ते समाजाचे सदस्य झाले. तेव्हा त्यांचे वय सदतीस होते आणि पाठीमागे संसार होता. समाजाच्या सदस्याला आयुष्यभर स्वतःसाठी पैसा न मिळवण्याची शपथ घ्यावी लागे. शिवाय काही वर्षे शिकाऊ म्हणून राहावे लागे. इतकी वर्षे मुलांना शिकवलेला माणूस पुण्यात पुन्हा विद्यार्थी झाला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले आणि समाजाचे अध्यक्षपद शास्त्रींकडे आले. गांधीजीही गोखल्यांना गुरू मानत. समाजात येण्याची त्यांची इच्छा होती, पण सदस्यांत मतभेद झाले तेव्हा त्यांनी आपला अर्ज मागे घेतला. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गांधीजी रस्त्यावर उतरून सरकारशी लढले, शास्त्री सभागृहात बोलून. तरी दोघांचे प्रेम शेवटपर्यंत टिकले.

१९१६ मध्ये शास्त्री वरिष्ठ कायदे कौन्सिलात गेले. १९१९ मध्ये रौलट विधेयक आले तेव्हा सौम्य समजल्या जाणाऱ्या या माणसाने त्याच्यावर फार कडक टीका केली. त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि दिल्लीत दोन सभागृहे आली. शास्त्री वरच्या सभागृहात, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये निवडून गेले. खालच्या सभागृहाला काही खर्चांवर मत देण्याचा हक्क प्रथमच मिळाला. पण सैन्याचा खर्च या हक्कातून वगळला होता. मध्यवर्ती सरकारच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा, ६० कोटी रुपयांच्या वर, सैन्याचा होता, आणि नेमका तोच लोकप्रतिनिधींच्या मतापलीकडे ठेवलेला होता.

तरी प्रतिनिधी गप्प बसले नाहीत. मार्च १९२१ मध्ये खालच्या सभागृहात सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी सैन्यविषयक एशर समितीच्या अहवालावर ठराव मांडले. हेही तंजावर जिल्ह्याचेच. हिंदी सैन्य हिंदुस्थानच्या रक्षणासाठी आहे, साम्राज्याच्या इतर कामांसाठी नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. सैन्यातील अधिकारपदांपैकी सुरुवातीला दर वर्षी किमान २५ टक्के हिंदी तरुणांना मिळावीत, अशीही मागणी होती. त्या वेळी सँडहर्स्टला वर्षाला फक्त दहा हिंदी मुलांना जागा होत्या. पुढे अकरा वर्षांनी, १९३२ मध्ये, डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली. म्हणजे आम्ही कॅडेट ज्या अकादमीत जाण्याची स्वप्ने पाहतो, तिच्यामागे खर्चाचा हिशेब विचारणाऱ्या या माणसांचीही मेहनत आहे.

१९२१ च्या अखेरीस शास्त्री अमेरिकेला गेले. वॉशिंग्टनला युद्धनौकांच्या स्पर्धेला आळा घालण्यासाठी परिषद भरली होती. या परिषदेची सुरुवातही एका कायदेमंडळातूनच झाली होती. अमेरिकेचे सिनेटर बोरा यांनी इंग्लंड आणि जपानशी बोलून आरमाराचा खर्च कमी करावा असा आग्रह धरला आणि तो आरमाराच्या खर्चाच्या विधेयकाला जोडला गेला. पैसे मंजूर करणाऱ्यांनीच विचारले, की तिघेही जहाजे बांधत राहिले तर शेवटी सुरक्षित कोण होणार?

६ फेब्रुवारी १९२२ रोजी करारावर सह्या झाल्या. मोठ्या युद्धनौकांसाठी अमेरिका आणि ब्रिटन यांना प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,००० टन आणि फ्रान्स व इटली यांना प्रत्येकी १,७५,००० टन अशी मर्यादा ठरली. एका नौकेचे वजन ३५,००० टनांपेक्षा जास्त नको, असेही ठरले. हिंदुस्थानच्या वतीने सही केली ती वलंगैमानच्या भिक्षुकाच्या मुलाने.

पण या सहीला दुसरी बाजू आहे. हिंदुस्थानकडे तेव्हा एकही मोठी युद्धनौका नव्हती. शास्त्रींना आपल्या सभागृहाने निवडून पाठवले नव्हते, सरकारने नेमले होते. अमेरिकेचा करार सिनेटपुढे गेला, तेथे चर्चा झाली आणि मार्च १९२२ मध्ये मतदानाने मंजुरी मिळाली. हिंदुस्थानच्या सभागृहाला असा हक्कच नव्हता. त्याच काळात देशात असहकाराची चळवळ चालू होती आणि हजारो लोक तुरुंगात होते. त्यामुळे शास्त्री सरकारचे माणूस झाले, अशी टीका त्यांच्यावर झाली. ही टीका अगदीच खोटी म्हणता येत नाही. त्यांच्या बोलण्याला जगात मान होता, पण त्या बोलण्यामागे देशाच्या मताचे बळ नव्हते.

पुढे ते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा येथे तेथल्या हिंदी लोकांच्या हक्कांसाठी फिरले. १९२७ ते १९२९ ते दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे एजंट होते. डर्बनचे शास्त्री कॉलेज त्यांच्याच प्रयत्नांतून उभे राहिले. सरकारने देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी नाकारली. १९३५ ते १९४० ते अण्णामलै विद्यापीठाचे कुलगुरू होते. अखेरच्या काळात त्यांनी वाल्मीकि रामायणावर व्याख्याने दिली आणि आपल्या गुरूंचे चरित्रही लिहिले. १७ एप्रिल १९४६ रोजी ते मद्रासला वारले. स्वातंत्र्य सोळा महिन्यांवर होते.

जो हक्क गोखले आणि शास्त्री यांना मिळाला नाही, तो आज आपल्या संसदेला आहे. संरक्षण खात्याच्या मागण्या लोकसभेत मतदानाने मंजूर होतात. १९९३ पासून संरक्षणाची स्थायी समिती त्या आधी तपासते. खर्च झाल्यावर महालेखापाल हिशेब पाहतात आणि लोकलेखा समिती जाब विचारते. २७ नोव्हेंबर २००६ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळ आपल्या शास्त्रज्ञांनी येणारे क्षेपणास्त्र हवेतच पाडण्याची पहिली चाचणी यशस्वी केली. असे कवच तयार करायला पुष्कळ वर्षे आणि पुष्कळ पैसा लागतो. अमेरिकेतही १९६९ मध्ये अशाच कवचावर सिनेटमध्ये ५०-५० मते पडली होती आणि उपाध्यक्षांच्या एका मताने प्रश्न सुटला. कवच किती मोठे हवे, ते खरेच चालते का, त्याच पैशात बूट, दारूगोळा आणि विमाने यांचे काय, हे प्रश्न विचारावेच लागतात. सगळे उघड्यावर बोलता येत नाही, म्हणून समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. पण गुप्तता शत्रूपासून असते. आपल्याच लोकप्रतिनिधींपासून सगळे लपवले तर आपण पुन्हा १९०२ सालात जाऊ.

कोणी सैन्याचा हिशेब विचारला की तो सैन्याच्या विरुद्ध आहे, असे आपल्याला चटकन वाटते. गोखले, शिवस्वामी अय्यर आणि शास्त्री यांच्याकडे पाहिले की तसे वाटत नाही. चांगला क्वार्टरमास्तर प्रत्येक काडतुसाची नोंद ठेवतो. त्यामुळे बटालियन दुबळी होत नाही, वेळेला काडतूस सापडते. कुंभकोणमला शिकलेल्या या शिक्षकाने पुण्याच्या गुरूकडून हीच गोष्ट घेतली आणि हातात मत नसतानाही तो जन्मभर प्रश्न विचारत राहिला. उद्या आपण अधिकारी होऊ तेव्हा संसद आपल्यालाही प्रश्न विचारील. त्याची उत्तरे देणे हाही आपल्या कर्तव्याचाच भाग असेल.