चूक कबूल करणारा संरक्षणमंत्री

निकालाच्या दिवशी होस्टेलवर काय चालतं ते आपल्याला ठाऊकच आहे. विषय राहिला की पेपर अवघड होता, तपासणारा कडक होता, मेसचं जेवण बाधलं! आपलं काय चुकलं, हे मात्र कोणीच बोलत नाही. अशा वेळी मला यशवंतराव चव्हाण आठवतात.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे (आता जि. सांगली) येथे त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. आई विठाईंनी कष्टाने मुलांना वाढवलं. शाळेत असतानाच, १९३२ साली, त्यांना स्वातंत्र्यलढ्यात १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे ते वकील झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. आपल्या भवानीनगरची ओळख असलेल्या सहकारी साखर कारखानदारीला त्यांनीच बळ दिलं.

१९६२ साली चीनने आपला पराभव केला. कृष्ण मेनन गेले आणि नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावलं. संरक्षण खातं म्हणजे तेव्हा जळतं घरच!

२ सप्टेंबर १९६३ रोजी ते संसदेत उभे राहिले. पराभवाच्या चौकशीचा अहवाल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी तो उघड केला नाही. पण दोष झाकलेही नाहीत. डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण अपुरं होतं, साहित्य कमी पडलं, गुप्त माहिती उशिरा आणि मोघम मिळाली, हे त्यांनी सभागृहाला सांगितलं. मग दरवर्षी खात्याच्या मागण्या मांडताना त्याच सभागृहाला हिशेब द्यायचा होता. सव्वाआठ लाखांचं सैन्य, हवाई दलाची ४५ स्क्वाड्रन्स असं उद्दिष्ट ठरलं. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. इंजिनिअरिंगवाल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं!

खरी परीक्षा १९६५ ला झाली. १ सप्टेंबरला पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसले. त्याच संध्याकाळी यशवंतरावांनी हवाई दलाला हल्ल्याची परवानगी दिली. ६ सप्टेंबरला आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडून गेलं, आणि त्याच दिवशी त्यांनी ते लोकसभेला सांगितलं. या वेळी खाली मान घालावी लागली नाही.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले. त्यांच्या नावाची सभागृहं, रस्ते, कॉलेजं खूप आहेत. पण आधी चूक मान्य करायची आणि मग ती दुरुस्त करायची, एवढा एक धडा जरी आपण गिरवला, तरी राहिलेला विषय सुटायला वेळ लागणार नाही. बघा पटतंय का!